आवाज पकडणारे वाव्हळ

सुदाम वाव्हळ कुणाच्याही घरी गेले की आधी छपराकडे बघत आणि मग चप्पल काढत. यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत ते घराला एक वळसा घालून आलेले असत. पाण्याचा तांब्या पुढे केला तर हात आडवा करून म्हणत, "पानी नंतर. आधी बूस्टर बंद करा."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना हे विचित्र वाटेल. आम्हालाही वाटायचं.

आमचं गाव आळेफाट्यापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर. नव्वदच्या दशकात पुण्याहून निघालेला दूरदर्शनचा कार्यक्रम आमच्यापर्यंत येता येता इतका दमायचा की बातम्या देणारी बाई मुंग्यांच्या वारुळात बसल्यासारखी दिसे. म्हणून घरटी एक उंच खांब, खांबावर अँटेना आणि अँटेनाला जोडलेली बूस्टर नावाची एक डबी. टीव्ही लावला की ती चालू व्हायची आणि आलेलं क्षीण चित्र फुगवून टीव्हीला पाजायची. यात एकच घोळ होता. स्वस्तातली डबी जास्त जोर करायला लागली की स्वतःच प्रक्षेपण सुरू करते. घरातल्यांना त्याचा पत्ताही नसतो. वाव्हळांना असायचा.

कारण आमच्याच शिवारांमधून त्या मोठ्या पांढऱ्या तबकड्या उभ्या राहिल्या होत्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या गोळा करतात. मुंबईचे पाहुणे रस्त्यावर गाड्या थांबवून त्यांचे फोटो काढत आणि आम्हाला विचारत, "यातून परग्रहावरचे लोक दिसतात का?" आम्ही सांगायचो, वाव्हळांना विचारा.

वाव्हळ त्या केंद्रात तंत्रज्ञ होते. मूळचे आळ्याचे, आयटीआय झालेले, तेव्हा चाळिशीला टेकलेले. एका थंडगार खोलीत कपाटांएवढ्या चौकटींमध्ये शेकडो इलेक्ट्रॉनिक कार्डं खोचलेली असत. त्यांची देखभाल वाव्हळांकडे. मी हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवायचो. एकदा मी त्यांना नववीच्या वर्गात बोलावलं आणि म्हटलं, त्या खोलीत काय चालतं ते मुलांना सांगा. मी फळ्यावर आकृती काढायला खडू पुढे केला. तो त्यांनी खिशात टाकला आणि बोलायला सुरुवात केली.

"समजा, गावात भांडान झालं. तुमी तिथं नव्हता. एकाला इचारलं, तर तो त्याच्या बाजूचं सांगनार. पन तीस जनांना इचारलं, आन प्रत्येकाचं सांगनं दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाह्यलं, तर कोन कुठं उभा व्हता, कुनाच्या हातात काठी व्हती, सगळा फोटू उभा ऱ्हातो. आमच्या तबकड्या म्हंजे ते साक्षीदार. आन ती कार्डं म्हंजे ताडून बघनारा पंच. फकस्त आपला पंच दिवसभर पान खातो, आन ही कार्डं एका सेकंदात लाखो येळा ताडतात."

एका मुलीने विचारलं, "एवढी घाई कशाला? सावकाश ताडलं तर?"

वाव्हळांचा चेहरा एकदम उजळला. "हां. ह्यो खरा सवाल. साठवून ठेवायला जागाच नाय, बाय. आलं की तवाच्या तवा ताडायचं, त्यातनं जेवढं कामाचं तेवढं ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं. गेलं ते गेलं. म्हनून त्या टायमाला कुनी मधी आवाज केला, तर तो पिठात मिठासारखा मळला जातो. मग काढा बसून."

हा 'आवाज' कानाला ऐकू येणारा नव्हे. ठिणगी, सैल तार, ट्यूबलाइटचा चोक, बिघडलेला बूस्टर, यांतून निघणाऱ्या लहरींना ते आवाज म्हणत. वाव्हळांच्या लेखी जगात दोन प्रकारची माणसं होती, आवाज करणारी आणि न करणारी. डिझेलच्या गाड्यांना ठिणगीचा प्लग नसतो, म्हणून ट्रकवाल्यांशी ते आदराने बोलत. स्कूटरवाल्यांशी बोलतच नसत. स्वतः सायकल वापरत. त्यांच्या खोलीत एक साधा बल्ब आणि एक पाटा-वरवंटा. मिक्सर नाही, रेडिओ नाही, टीव्ही नाही. बायकोही नव्हती, आणि त्यामागेही आवाजच होता.

ती हकिगत मी त्यांच्या तोंडून नाही, त्यांच्या मामांकडून ऐकली. आळ्याजवळच्याच एका वस्तीवर मुलगी बघायला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, खाली मान घालून बसली. वाव्हळ वर बघत होते. मग म्हणाले, "जरा येतो," आणि बाहेर जाऊन शिडी लावून थेट पत्र्यावर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मुलीचे वडील अंगणात आले आणि वर तोंड करून म्हणाले, "पावणं, मुलगी खाली हाय."

वाव्हळ वरून म्हणाले, "मुलगी चांगली हाय. पन ह्यो बूस्टर लई वाईट हाय."

लग्न मोडलं. बूस्टर मात्र त्यांनी बदलून दिला.

त्यांचं दुसरं ठळक रूप म्हणजे आवाजाच्या शोधात निघालेलं. एका हातात ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची, माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना, गळ्यात एक पेटी, कानाला हेडफोन. उसाच्या बांधावरून चालता चालता अँटेना हळूहळू फिरवायची, मधेच थांबायचं, डोळे मिटायचे. त्या वर्षांत उसात बिबटे फार झाले होते. त्यामुळे अर्ध्या तालुक्याची समजूत अशी की हा माणूस वनखात्याचा आहे आणि बिबट्याचा माग काढतोय. बायका विचारत, "भाऊ, कुठवर आलाय?" वाव्हळांना आधी राग यायचा. मग सवय झाली. "मावशे, बिबट्या परवडला," म्हणायचे, "तो आवाज करत नाय."

एकदा मी त्यांना माझ्यासोबत ओझरला नेलं. म्हटलं, गणपतीसमोर तरी डोकं शांत होईल. देवळाच्या अलीकडे अर्ध्या मैलावर एका विजेच्या खांबाखाली ते सायकलवरून उतरले. मी दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन, चहा पिऊन परत आलो, तरी ते तिथेच वर बघत उभे. "सर, वरची तार सैल हाय," म्हणाले. मी प्रसाद त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी वर बघतच खाल्ला.

आता मला माझ्याकडे यायला हवं. इथवर मी त्यांची थट्टा करत आलो ती सोपी होती.

केंद्राने गावोगाव एक योजना आणली होती. खराब बूस्टर द्या आणि चांगला फुकट घेऊन जा. आमच्या गावात सभा झाली, तेव्हा भाषण मीच केलं. विज्ञानासाठी एवढं करणं हे आपलं कर्तव्य आहे, असं म्हणालो. माझा जुना बूस्टर सगळ्यांत आधी मी टेबलावर ठेवला. टाळ्या झाल्या. वाव्हळांनी तो दोन्ही हातांनी उचलला, शाळेत बक्षीस घेतात तसा.

नवा बूस्टर शांत होता, पण त्याने मुंग्या पुरत्या गेल्या नाहीत. आईला मोतीबिंदू. दुपारी चार ते पाच ती टीव्ही लावायची. पडद्याला नाक लावून बसे आणि म्हणे, "माणसं दिसतात रे, चेहरे दिसत नाहीत." महिन्याभरात मी आळेफाट्यावरून एक बूस्टर आणला. दुकानदार म्हणाला, "दुप्पट ताकद." रविवारी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी तो पाण्याच्या टाकीमागे बसवला. खालून दिसत नव्हता. आईसाठी आणला, असं मी बायकोला सांगितलं आणि स्वतःलाही. खरं कारण मला माहीत होतं. क्रिकेटमध्ये मुंग्यांमुळे चेंडू दिसत नसे.

पंधरा दिवसांत वाव्हळ म्हणाले, "सर, नवा आवाज आलाय. तुमच्या गावाच्या अंगानंच हाय."

"कुणाचा?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

मग शोध सुरू झाला. वाव्हळ सुटीच्या दिवशीही अँटेना घेऊन हिंडू लागले. शेजारची गावं झाली, वस्त्या झाल्या, मग नदीपलीकडची गावं. आमच्या गल्लीतून जात तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचो. पण माझ्या घरी आले तर ते छपराकडे बघतसुद्धा नसत. सरळ आत येत, आईजवळ बसत, तिने दिलेला चहा पीत. साऱ्या तालुक्यात ही सवलत फक्त आमच्या घराला होती. मी ती मैत्रीची खूण समजलो आणि मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकदा ते थेट घाटघरला जाऊन आले. पार नाणेघाटाच्या तोंडाशी. मी म्हटलं, "वाव्हळ, मधे एवढे डोंगर. तिथला आवाज इथे कसा येईल?"

"बघितल्याबिगर कसं सांगनार?" ते म्हणाले. "आन हवा चांगली हाय तिथली."

मला वाटलं, हा माणूस आता खरोखर वेडा होणार, आणि ते माझ्यामुळे.

पुढे प्रकरण वाढलं. पुण्याहून मोठे साहेब आले. रोज दुपारी तासभर या आवाजाची चित्रावर रेघ येते, आणि जिथे आधीच वेळ मोजून मिळतो तिथे तेवढं निरीक्षण फुकट जातं, अशी त्यांची तक्रार. आवाज शोधणं हे वाव्हळांचं काम. त्यांना महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. तोवर आवाज सापडला नाही तर कार्डांच्या खोलीतून त्यांची बदली गोदामात. स्क्रू मोजायला.

हे वाव्हळांनीच सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून. "गोदामाला खिडकी हाय," ते म्हणाले. "चांगली मोठी." ती खोली म्हणजे त्यांचं सगळं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सुटीतसुद्धा सायकल काढून तिथे जाऊन बसणारा माणूस. मी उठून वर गेलो असतो, डबी काढून त्यांच्या हातात दिली असती, तर तिथल्या तिथे विषय मिटला असता. पण भाषण आठवलं. टाळ्या आठवल्या. गावात मुलं मला काय म्हणतील ते डोळ्यांसमोर आलं. मी त्यांना आणखी एक कप चहा आणून दिला. एवढंच केलं.

महिना संपायला पाच-सहा दिवस उरले असताना आईला निमोनिया झाला. तिला नारायणगावला दवाखान्यात ठेवलं. बायको तिच्याजवळ होती. मी शाळा, दवाखाना आणि घर करत होतो. टीव्हीकडे बघायलाही फुरसत नव्हती.

चौथ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आलो, तर दारात वाव्हळ उभे. सायकल नुसती कुंपणाला टेकलेली, स्टँड लावायचंही भान नसल्यासारखी. अंगावर केंद्रातला स्वेटर तसाच. त्या थंड खोलीतून उठून भर उन्हात आले होते.

"सर, आई बऱ्या हायेत ना?"

गावात कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "दवाखान्यात आहे. आता उतार आहे. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी नाय." त्यांनी खाली बघितलं. "चार दिस झाले, रेघ आली नाय."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग हातातली पिशवी खाली ठेवली.

"वाव्हळ, तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापास्नं. टाकीमागं हाय. बसवलाय बी वाकडा."

"मग लिहून का नाही दिलंत? गोदामात जायची पाळी आली तुमच्यावर."

ते ओट्यावर बसले. मीही बसलो. स्वेटरच्या बाहीचा धागा ओढत ते बोलायला लागले, तेही माझ्याशी नाही, समोरच्या शेवग्याशी बोलल्यासारखे.

"तिथं आठ-आठ तास बसायचं सर. पडद्यावर येतं ते समदं लई लांबचं. तुमी-आमी तर सोडाच, मानूस म्हनून कुनी नव्हतं तवा निघालेलं. त्याचं चित्र व्हतं, चांगलं व्हतं, साहेब लोक खूश व्हत्यात. पन त्यात वळखीचं काय नसतं. ही एकच रेघ वळखीची. चार वाजले की यायची. मनात म्हनायचो, आई उठल्या, चा झाला, खुर्ची पुढं ओढली. पाचला गेली की म्हनायचो, आता दिवा लावायची तयारी. मग तेवढा तास मी चित्रातनं जमंल तेवढा हातानं निवडून काढायचो. तांदळातला खडा काढावा तसा. रोज वरचा एक तास जायचा. जाऊ दे म्हनलं. मला घरी कुठं जायचं व्हतं?"

मग अगदी तक्रार नसल्यासारखं म्हणाले, "मॅच असली की दिवसभर यायची. तेवढं जड जायचं."

मी त्याच दुपारी टाकीवर चढलो आणि डबी काढली. वाव्हळांनी खाली शिडी धरली होती. उतरल्यावर त्यांच्या हातात द्यायला गेलो, तर त्यांनी ती घेतली नाही. "आईंना घरी येऊ द्या," म्हणाले. "त्यांना चेहरे दिसले पायजेत. मी बनवतो कायतरी."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं आणि डबीसह स्वतः नेऊन दिलं. पत्रात लिहिलं की बूस्टर मी जाणूनबुजून लपवला. वाव्हळांनी मला तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा मी खोटं बोललो. पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं नव्हतं. त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं. साहेबांनी मला चहा दिला आणि अर्धा तास सुनावलं. एका शिक्षकाने असं करावं, हे ते चार वेगवेगळ्या पद्धतींनी म्हणाले. मी प्रत्येक वेळी मान हलवली. वाव्हळांची बदली टळली.

वाव्हळांनी पत्राची नक्कल वाचली. "सर, ह्यात एक खोटं हाय."

"आहे."

त्यांनी ती घडी घालून परत दिली. "अक्षर चांगलं हाय," म्हणाले.

आई घरी आली. वाव्हळांनी तिच्यासाठी एक लांबलचक अँटेना स्वतः ठोकून बनवली. बूस्टरशिवाय चालणारी. तीन रविवार छपरावर चढून ती इकडे तिकडे फिरवत राहिले. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. चेहरे अगदी स्वच्छ नाहीत, पण ओळखू येत. आईला मी सगळं सांगितलं होतं, क्रिकेटसकट. वाव्हळ खाली उतरल्यावर ती त्यांना म्हणाली, "तुझ्या त्या खोलीत फोन आहे का रे, बाबा?"

"हाय की. पन तो कामाचा."

"नंबर लिहून दे. आता आपल्या घरीही फोन आलाय."

पुढच्या हिवाळ्यात मी नववीचा वर्ग घेऊन केंद्र बघायला गेलो. त्या थंडगार खोलीत मुलं हात काखेत घालून दाटीवाटीने उभी होती. पडद्यावर चित्र तयार होत होतं. काळ्या पाटीवर दूध सांडावं तसा एक पांढुरका डाग, हळूहळू कडा धरणारा. मुलांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. एकजण कुजबुजला, "ह्यात तारा कुठंय?" वाव्हळ त्याला कार्डांबद्दल समजावत होते. आवाज कसा ओळखायचा, कसा काढायचा, हे सांगत होते. पडदा अगदी नितळ होता. कुठेही रेघ नव्हती. बोलता बोलता त्यांनी दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांचं वाक्य मधेच अडखळलं. मुलं वाट बघत राहिली.

कोपऱ्यातल्या टेबलावरचा फोन वाजला. वाव्हळ तीन ढांगांत तिथे पोचले. पाठ आमच्याकडे करून, अगदी हळू बोलले. "हां... हां... औषध घेतलं का?... बरं. बरं. ठेवतो."

फोन ठेवून ते परत आले आणि मुलांना म्हणाले, "तर काय सांगत व्हतो मी?"